कोरड्या बर्फाचा धूर

छबूबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं कॉलेजातले सगळे म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं, फक्त कॉलेज ते त्यांना रोज ताजं पुरवतं.

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की उसाच्या फडांना खेटून हे कॉलेज लागतं. बावीस वर्षांपूर्वी कोऱ्हाळ्याच्या छबूबाई तिथं झाडलोट करायला लागल्या. शिक्षण सातवी पास. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फरशी पुसता पुसता त्यांनी डोळे उघडे ठेवले, आणि हळूहळू काचसामान निर्जंतुक करणं, द्रावणांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, आलेलं पार्सल वहीत चढवणं ही सगळी कामं त्यांच्याकडे आली. पगारात मात्र झाडलोटच राहिली. उणे ऐंशी अंशांच्या डीप फ्रीजरची चावी त्यांच्या कमरेला, घराच्या कुलपाच्या चावीशेजारी. फ्रीजर उघडायचा तर आधी छबूबाईंना सांगायचं, आणि कशाला उघडायचाय ते पटवून द्यायचं. एम.एस्सी.ची पोरं म्हणायची, त्यापेक्षा पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सोपी असते.

घरी नवरा सोमनाथ. पाच-सहा वर्षांपासून तो इंदापूरच्या बाजूला डाळिंबाच्या बागांत रोजानं फवारणीला जायचा. मागच्या हिवाळ्यापासून काम करून आला की त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, तोंडाला लाळ सुटायची, आणि चहाची बशी धरताना हात असा थरथरायचा की अर्धा चहा मांडीवर. "ऊन लागलं," सोमनाथ म्हणायचा. पौष महिन्यातलं ऊन!

छबूबाईंनी हे प्रयोगशाळेत बोलून दाखवलं ते प्राचीपाशी. प्राची बारामतीचीच, पीएच.डी. करत होती. तिचा विषयच हा होता: बागायतदार एका टाकीत दोन-तीन औषधं एकदम ओततात, त्या मिश्रणाचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो.

"मावशी, आपल्या नसांमधून निरोप जातो ना, हात हलव म्हणून," प्राचीनं समजावलं, "तो पोचला की पुसून टाकणारं एक विकर असतं शरीरात, एन्झाइम म्हणतात ते. ते बंद पडलं की निरोप पुसलाच जात नाही. मग हात थरथरतो, लाळ गळते. मी तेच विकर मागवणारे. त्यात टाकीतलं पाणी घालून बघायचं, ते चालू राहतं का बंद पडतं."

"माणसाचं? कुणाच्या अंगातनं काढत्यात?"

"कुणाच्याच नाही. कृती माणसाची, पण कंपनीत दुसऱ्याच पेशींकडून रांधून घेतात. म्हणून तर महाग. आणि ते गारच लागतं."

दुसऱ्या आठवड्यात छबूबाईंनी काचेची घट्ट बुचाची बाटली भरून आणली. सोमनाथ ज्या टाकीतून फवारत होता त्याच टाकीतलं पाणी. बाग हिंदुराव आबांची. आबा म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. प्राचीनं बाटलीवर बागेचं नाव लिहिलं नाही, आधीच्या सहा बाटल्यांपुढचा नुसता सात आकडा लिहिला. सातव्या बाटलीचं उत्तर कळायचं तर विकर यायला हवं होतं. परदेशातून यायला दोन महिने लागणार होते. छबूबाई रोज पार्सलवाल्याची वाट बघू लागल्या, आणि पार्सल रोज न आल्याबद्दल त्याच्यावर रोज चिडू लागल्या.

ते आलं एप्रिलमध्ये, नेमकं कॉलेजच्या नव्या संशोधन कक्षाच्या उद्घाटनादिवशी. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी युवराज दारात उभा. पुण्याहून गाडी आणणारा हा पस्तिशीचा गडी छबूबाईंना बरोबर ओळखून होता.

"जय भीम, ताई. आज तरी शिव्या घालू नगा. आणलंय बघा."

"जय भीम. झाकण उघड आधी, मग शिव्यांचं बघू."

थर्माकोलच्या पेटीत कोरडा बर्फ गच्च भरला होता. हा पाण्याचा बर्फ नव्हे. वितळत नाही, उघडा राहिला की नुसता वाफ होऊन उडून जातो. त्याच्या पोटात करंगळीएवढी कुपी, आणि कुपीत थेंबभर पाणी. छबूबाईंनी झाकण लावलं, वहीत लिहिलं: वेळ १०.१०, बर्फ भरपूर, कुपी गोठलेली. खाली सही. युवराजची सही. आणि पेटी उचलून त्या फ्रीजरकडे निघाल्या, तोच प्राचार्य आडवे आले.

"छबूबाई, थांबा थांबा! परदेशातून आलंय ना हे? आज आबांच्या हस्ते याचंच पूजन करू. नव्या कक्षातलं पहिलं साहित्य. फोटो छान येईल."

"सर, हे पुजायचं न्हाय, गोठवायचं असतंय."

"अहो पेटी बंदच ठेवू. तुम्हीच म्हणता ना, बंद पेटीत बर्फ संध्याकाळपर्यंत टिकतो?"

हे मात्र खरं होतं. छबूबाईंनीच कधीतरी सांगितलं होतं. त्या थांबल्या. "झाकणाला हात लावायचा न्हाय कुणी," त्या म्हणाल्या, आणि पेटी टेबलावर ठेवली. नंतर किती वेळा तरी त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं असेल, मनातल्या मनात. कारण लगेच त्यांना चहाच्या कपांवर पिटाळण्यात आलं. कार्यक्रम कसलाही असो, कप विसळायला छबूबाई. आणि जिच्या नावावर ही कुपी आली त्या प्राचीला फेटा बांधून गेटवर उभं केलं, निरांजनाचं ताट हातात देऊन, आबांना ओवाळायला.

आबा अकराला येणार होते. वाटेत त्यांना एक साखरपुडा आणि एक दुकानाचं उद्घाटन लागलं. ते आले पावणेदोनला.

छबूबाई मांडवाच्या मागं कप पुसत होत्या. हलगी वाजली, आणि आबा मांडवात शिरले तसा त्यांच्या पायाशी पांढरा धूर उठला. दाट, जमिनीवरून सरपटणारा, गुडघ्यापर्यंत चढणारा. ढगातून देव चालत यावा तसे आबा आले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. छबूबाईंनाही क्षणभर बरं वाटलं. हल्ली लग्नांत नवरा-नवरी येताना असाच धूर सोडतात. भाचीच्या लग्नात त्यांनी पाहिला होता.

मग त्यांच्या हातातला कप फुटला.

लग्नातला धूर कसला असतो ते त्यांना माहीत होतं. तो धूर कोण पुरवतो तेही माहीत होतं. कॉलेजचा क्लार्क इंद्रजित लग्नसराईत सजावटीची कंत्राटं घ्यायचा.

इंद्रजित व्यासपीठामागं गरम पाण्याच्या घमेल्यावर वाकला होता. शेजारी थर्माकोलची पेटी. रिकामी.

"इंद्रजितराव, कुपी कुठाय?"

"काळजी नका करू मावशी. नीट ठेवलीय. पूजेच्या ताटात."

"कवा काढलीस?"

"साडेअकराला. बर्फ फोडून ठेवायला लागतो ना, ऐन वेळी होत नाही. सरांना विचारूनच काढला. काय उठलाय बघा धूर! आबा जाम खूश—"

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. छबूबाईंनी त्याला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याच्या शिक्षणाचा, त्याच्या सजावटीचा आणि त्याच्या टाळक्यातल्या पोकळ जागेचा उल्लेख होता, एवढं पुरे. ओल्या हातांनी त्या तशाच व्यासपीठावर चढल्या. प्राचार्य बोलत होते: "विज्ञान आणि संस्कृती यांचा हा संगम..." टेबलावर चांदीचं ताट. ताटात झेंडूच्या पाकळ्या, पाकळ्यांवर कुपी, कुपीला हळदीकुंकवाची दोन बोटं. एप्रिलची दुपार, पत्र्याचा मांडव. त्या एवढ्याशा नळीतलं गोठलेलं पाणी केव्हाच पाणी होऊन गेलं होतं.

छबूबाईंनी कुपी उचलली.

"काय झालं बाई?" आबांनी विचारलं.

"काय न्हाय आबा. तुमचं चालू द्या. हे जितं हाय का मेलं, ते बघायला चाललीय."

फेटा बांधलेली प्राची त्यांच्या मागं पळाली.

मेलंच होतं. प्राचीनं लगेच तपासणी लावली. विकर जिवंत असेल तर पट्टीच्या खळग्यांमधलं पाणी पाच-सात मिनिटांत पिवळं व्हायला हवं. दोघी बसून राहिल्या. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पाणी पाण्यासारखंच. प्राचीनं फेटा सोडला, त्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही ओरडा ना कुणावर तरी. मला ओरडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. प्राची आधीच बसली होती, खाली मान घालून. प्राचार्य गोड बोलत होते. प्राचार्य गोड बोलू लागले की छबूबाईंचं डोकं आधीच तापायला लागायचं.

"हे बघा, झालं ते झालं. कंपनीचा नियम आहे, माल गरम पोचला तर ते दुसरा पाठवतात, फुकट. फक्त आपल्या वहीत तशी नोंद हवी. तुम्ही 'बर्फ भरपूर' लिहिलंय. तिथं 'बर्फ नव्हता' एवढंच करायचं."

"मंजी खोटं लिहायचं."

"दुरुस्ती म्हणा."

"आन युवराजचं काय? वहीत त्याचीबी सही हाय. बर्फ नव्हता तर तो वाटंत उडाला, म्हंजे त्याच्या गाडीत. त्याची नोकरी जाईल."

"त्याचं त्याची कंपनी बघेल हो." प्राचार्यांनी चष्मा पुसला. "आणि त्या नमुन्यांत तुमच्या नवऱ्याच्या टाकीचाही नमुना आहे म्हणे. मग नुकसान कुणाचं, छबूबाई?"

आता हे जरा थांबून सांगायला हवं. छबूबाई त्या क्षणी डगमगल्या. सकाळीच सोमनाथच्या हातातून भाकरीचा तुकडा दोनदा पडला होता. एक शब्द खोडायचा, दुसरा लिहायचा. दोन महिन्यांत उत्तर हातात. त्यांनी प्राचीकडं पाहिलं. तिनं एकदा 'नको मावशी' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. प्राची टेबलावरच्या काचेकडं बघत राहिली. छबूबाईंना इंद्रजितचा आला नव्हता एवढा राग या पोरीचा आला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण पेन त्यांच्या हातात होतं आणि टोपण काढलेलं होतं.

"बरं, लिहिते," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी लिहिलं. कालच्या नोंदीच्या खाली, मोठ्या गोल अक्षरात: 'साडेअकरा वाजता इंद्रजित क्लार्क यांनी धुरासाठी बर्फ काढला. प्राचार्य साहेबांना विचारून काढला. कुपी दोन वाजेपर्यंत ताटात होती. विकर मेले. यात पार्सलवाल्याची चूक नाही.' सही. मग वही प्राचार्यांपुढं सरकवली. "तुमी करा सही."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"मग आबांची घिऊन येते."

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं, ही रागात बोलतेय. रागात बोलणारी माणसं रागातच आबांच्या गावची, पणदऱ्याची एसटीही पकडू शकतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पणदऱ्याला बंगल्याच्या पोर्चमध्ये हिंदुराव आबा पेपरात स्वतःचाच फोटो बघत बसले होते. धुरासकट.

"या या बाई. काल लय तणतणत गेला तुमी. काय भानगड?"

"आबा, ह्यो धूर कसा वाटला?"

"झ्याक! लोकं म्हणली, नवरदेवच आला जणू."

"त्या धुरापायी पोरीचं दोन वर्साचं काम मेलं." छबूबाईंनी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. आबांनी वाचलं. परत वाचलं. मग फोटोकडं पाहिलं, आणि पेपर घडी करून उलटा ठेवला.

आबा वाईट माणूस नाहीत. त्यांना चांगलं दिसायला आवडतं, आणि चांगलं दिसायचं असलं की माणूस अधूनमधून चांगलं वागूनही जातो. त्यांनी तिथूनच फोन लावला. "काय ओ सर, माझ्या धुरासाठी पोरीचं औषध नासवलं व्हय? ... संगम बिंगम ऱ्हाऊ द्या. ... न्हाय, कंपनीला कायबी खोटं कळवायचं न्हाय. नवीन मागवा, संस्था देईल." फोन ठेवून त्यांनी विचारलं, "कशाला लागतंय म्हणं ते?"

"फवारणीचं औषध माणसाला किती बाधतंय, ते बघायला."

"अरे वा! गोरगरिबांचं काम हाय की. करा, करा."

सातव्या बाटलीत कुणाच्या टाकीतलं पाणी आहे, ते सांगायला छबूबाईंच्या ओठांवर आलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ओठ मिटले. परतीच्या एसटीत मात्र त्या गप्प बसल्याचा राग काढत होत्या, पुढच्या सीटवरच्या बाईच्या पिशवीवर.

दुसरी कुपी जूनअखेर आली. युवराजनंच आणली. या वेळी ती गाडीतून उतरली ती सरळ फ्रीजरमध्ये, आणि प्राचार्य कॉरिडॉरमध्ये दिसताच वाट बदलून गेले. प्राचीनं माफी मागितली. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, मावशी." छबूबाई म्हणाल्या, "व्हय, हवं होतं," आणि कामाला लागल्या. माफ केलं की नाही, ते प्राचीला अजून कळलेलं नाही.

तपासणीच्या दिवशी नुसत्या विकराच्या खळग्यांत रंग चढला: हळदीच्या पाण्यासारखा, मग गर्द पिवळा. शेजारी सातव्या बाटलीची रांग. तिथं काही नाही. प्राचीनं तेच पाणी दहापट पातळ करून घातलं. काही नाही. शंभरपट. काही नाही. हजारपट पातळ केल्यावर कुठं जरासा पिवळा डाग आला.

"हजारपट?" छबूबाईंनी विचारलं. "आन आमचा माणूस त्यात कोपरापातुर हात घालून ढवळतुया."

"मावशी, हे काचेतलं आहे. काकांना काय झालंय ते यावरून सांगता येत नाही. कुपीवरच छापलंय, फक्त संशोधनासाठी. त्यांचं रक्त दवाखान्यात तपासून घ्यायला हवं."

"पण त्या टाकीतलं पाणी माणसाचं विकर बंद पाडतंय, एवढं खरं?"

"एवढं खरं."

"मग एवढंच लिहून दे. मराठीत. खाली सही कर." या वेळी प्राचीनं एकदाही मान खाली न घालता सही केली.

सोमनाथचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी निकाल पाहिला आणि म्हणाले, औषधाच्या वासालाही जायचं नाही, निदान तीन महिने. तो कागद आणि प्राचीचा कागद घेऊन छबूबाई पुन्हा पणदऱ्याला गेल्या. आबांनी दोन्ही वाचले. त्यांचा चेहरा उतरला, मग चढला.

"आमीच पैसं घालायचं, आन आमच्याच बागंवर बोट ठेवायचं?" ते म्हणाले. "ठीक हाय. सोमनाथला न्हाय बोलवत यापुढं. झालं समाधान?"

झालं नाही. रविवारी छबूबाई इंदापूरची एसटी धरून थेट बागेत गेल्या. सोमनाथच्या जागी दोन नवे गडी होते, कारखाना बंद झाल्यावर गावी न गेलेले ऊसतोडीचे. टाकीच्या कडेला तीन बाटल्या उघड्या. एक गडी बाही वर सारून हातानं ढवळत होता.

"हात काढ भाईर!" छबूबाई बांधावरूनच ओरडल्या. गड्यानं दचकून हात काढला. त्यांनी कागद वाचून दाखवला, घामानं भिजलेला. गडी ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "ताई, खरं असंल. पण मग आजचा रोज कोण देणार?"

छबूबाईंचा राग दुप्पट झाला. त्यांनी पंपाचं इंजिन बंद केलं आणि मुकादमाला म्हणाल्या, "आबांना फोन लाव. म्हणावं, छबूबाई बागंत उभी हाय आन जात न्हाय."

आबा तासाभरात आले. एकटे, धुराशिवाय. गाडीतून उतरतानाच त्यांचा आवाज चढलेला होता. "बाई, आता अती झालं! काचंच्या नळीतल्या गोष्टी खऱ्या मानून मी बाग घालवू?"

"नका मानू. खोट्याच हायत त्या." छबूबाईंनी टाकीकडं बोट केलं. "घाला हात. कोपरापातुर. आन ढवळा, ही माणसं ढवळत्यात तसं. तुमी ढवळलंत तर मी आत्ता ह्यो कागद फाडते, आन माझा माणूस उद्यापास्नं कामावर."

आबांनी टाकीत पाहिलं. वर दुधट फेस होता, वास नाकाला झोंबत होता. मुकादम आबांकडं बघत होता. दोन्ही गडी आबांकडं बघत होते; एकाचा हात अजून ओला होता. आबांनी सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं, बाही एक घडी वर केली, आणि तिथंच थांबले.



मग आबांनी बाही खाली घेतली. "आज ऱ्हाऊ दे फवारणी," ते मुकादमाला म्हणाले, कुणाकडं न बघता. "गड्यांचा रोज दिऊन टाक. आन ते हातमोजे, तोंडाचं बिंडाचं काय असतंय ते, उद्या इंदापूरहून आण. तीन एकात नगं. कोणतं चालतं ते त्या पोरीला इचारा."

"आबा, ह्ये उद्याबी ऐकणार का, का आजच्यापुरतं?" छबूबाईंनी विचारलं.

आबा गाडीत बसले. काच खाली न करताच त्यांनी हात हलवला. त्या हलवण्याचा अर्थ हो असेल किंवा गप्प बसा असेल.

"मी पुढच्या रविवारी येणार हाय!" छबूबाई बंद काचेवर ओरडल्या. मग वळून त्या ओल्या हाताच्या गड्यावर खेकसल्या, "बघतुयास काय? पाणी कुठाय? साबण आण. धू तो हात आधी!"